अस्सल गॅसकेट मिळेपर्यंत

सांडोर गावच्या अंत्यसेवा मंडळाची गाडी रेजिनाबायला दफनभूमीकडे नेत असताना भर रस्त्यात थांबली आणि तिच्या पुढच्या भागातून पांढरी वाफ आकाशाकडे जाऊ लागली. मागून चालणाऱ्या बायकांनी पटापट क्रूसाची खूण केली. रेजिनाबाय पुण्यवान होती याबद्दल गावात दुमत नव्हतं, पण तिचा आत्मा एवढा फुसफुस आवाज करत, आणि तोही बॉनेटमधून निघेल, असं कोणाला वाटलं नव्हतं. ड्रायव्हरने खाली उतरून झाकण उघडलं, हात भाजून घेतला आणि "आत्मा नाय, पाणी आहे" असा खुलासा केला. बायकांची थोडी निराशा झाली. उरलेला रस्ता रेजिनाबायला खांद्यावरून न्यावं लागलं आणि गाडी ढकलत होळी बाजारातल्या संकेतच्या गॅरेजात पोचवली गेली. दोघींपैकी गाडी जड होती असं ढकलणाऱ्यांचं म्हणणं पडलं. खांदेकऱ्यांचं मत वेगळं होतं.

संकेतने इंजिन उघडून पाहिलं. इंजिनाचं डोकं आणि धड यांच्यामध्ये भोकं पाडलेली एक पातळ चटई असते, तिला गॅसकेट म्हणतात. ती जळली होती. पाणी ऑइलमध्ये शिरून ऑइलचा कटिंग चहा झाला होता. "गॅसकेट बदलायचं, हेड घासून प्लेन करायचं, परवा गाडी घेऊन जा," संकेत म्हणाला.

वाक्य सरळ होतं. आमच्या मंडळात सरळ वाक्य आलं की त्याच्यावर बैठक बोलवावी लागते.

पण आधी जेम्सबाबांविषयी सांगायला हवं, कारण या सगळ्या प्रकरणात घाई फक्त त्यांना होती. जेम्सबाबा तुस्कानो म्हणजे मंडळाचे संस्थापक. नव्वदी कधीच मागे टाकलेली. डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला, स्टॅनीला, बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता घरी न्या, आवडीचं खाऊ घाला. बाबा घरी आले, राजेळी केळी वाळवून केलेली सुकेळी चघळत पलंगावर पडले आणि त्यांनी आपली एकमेव इच्छा जाहीर केली: "मला खांद्यावरून न्यायचं नाही. गाडीतून न्यायचं."

यामागे गर्व नव्हता, अनुभव होता. तरुणपणी बाबांनी गावातली बहुतेक मयतं खांद्यावरून वाहिली होती. खांदेकरी वाटेत काय बोलतात ते त्यांना ठाऊक होतं. "चर्च मागे पडलं की मयताची तपासणी सुरू होते," ते म्हणत. "कोणाचा बांध कोरला, कोणाच्या विहिरीवर डोळा होता, वजन कशाने वाढलं. मी स्वतः बोललोय. माझ्या वेळी आपलं काय निघेल ते मला ऐकायचं नाही. गाडीत फक्त ड्रायव्हर असतो, आणि त्याला कमी ऐकू येतं." एवढ्यासाठी त्यांनी दारोदार फिरून गावाला गाडी घ्यायला लावली होती. आणि आता त्यांची जायची वेळ आली, तर गाडीचं डोकं संकेतच्या टेबलावर फडक्यात गुंडाळून ठेवलेलं होतं.

बैठक भरली. अध्यक्ष फर्डिनंड मच्याडो, गावच्या कडेला उभ्या असलेल्या 'फर्डिनंड हाइट्स'चे बिल्डर. या इमारतीच्या मंजुरीवर ज्या साहेबांची सही आहे, त्या साहेबांना ती सही आपली आहे हे अजून कोणी कळवलेलं नाही. सचिव स्टॅनी, म्हणजे बाबांचा मुलगा. सभासदांत मी आणि आणखी काही मंडळी, ज्यांना चहा येईपर्यंत मत नसतं. आणि तज्ज्ञ म्हणून खास निमंत्रित दिनानाथ कुलकर्णी. हे मूळचे साताऱ्याकडचे, एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागातून निवृत्त होऊन फर्डिनंड हाइट्सच्या पाचव्या मजल्यावर स्थायिक झालेले. नकाशात ती इमारत चार मजल्यांची आहे. दिनानाथांनी आयुष्यभर दुसऱ्यांचा माल नापास केला होता आणि निवृत्तीनंतर नापास करायला काही उरलं नसल्याने त्यांची तब्येत खालावत चालली होती. गॅसकेट हा शब्द ऐकून ते खुर्चीत ताठ बसले. चेहऱ्यावर रक्त आलं.

संकेत डबा घेऊनच आला होता.

"ओरिजिनल आहे का?" दिनानाथांनी विचारलं.

"एकदम ओरिजिनल, काका."

"कशावरून?"

"डब्यावर लिहिलंय ना."

"आणि डबा ओरिजिनल आहे का?"

संकेतने डब्याकडे असं पाहिलं, की जणू डब्यानेच त्याला फसवलं. "काका, आपल्या लाइनमध्ये तीन माल असतात," तो समजुतीने म्हणाला. "एक ओरिजिनल. एक कंपनीला बनवून देणाऱ्याचा ओरिजिनल, फक्त डबा वेगळा. आणि एक ओरिजिनलसारखा ओरिजिनल."

"आणि डुप्लिकेट?"

"डुप्लिकेट मार्केटमध्ये आहेच कुठे? विकताना कोणी बोलतो का डुप्लिकेट म्हणून?"

हा मुद्दा बिनतोड होता, म्हणून तो इतिवृत्तात घेतला नाही.

डब्यावर चकाकणारी चिकटपट्टी होती. ती खरवडली की आत आकडे, ते मोबाइलवरून पाठवले की कंपनीचा निरोप येतो. स्टॅनीने आकडे पाठवले. निरोप आला: 'अभिनंदन! आपण अस्सल उत्पादन खरेदी केले आहे.' स्टॅनीने सुटकेचा निःश्वास टाकला. घरी बाप वाट बघत होता.

"थांबा," फर्डिनंड म्हणाले. "मेसेज पाठवला कोणी? कागद, शिक्के, अभिनंदन, या गोष्टी कशा तयार होतात ते मला विचारा."

कोणी विचारलं नाही, पण सर्वांना पटलं. या क्षेत्रातला त्यांचा अधिकार मोठा होता.

मग तुलनेसाठी हायवेवरच्या मोठ्या दुकानातून दुसरं गॅसकेट आणलं. दोन्ही शेजारी ठेवली. केसाचाही फरक नव्हता. दिनानाथांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "हुबेहूब आहेत. म्हणजे यातलं एक नक्की नकली. नकली मालाचं पहिलं लक्षण म्हणजे तो अस्सलसारखा दिसतो."

"आणि अस्सल मालाचं?" मी विचारलं.

"तेच."

तिसरं आणलं. ते किंचित काळसर निघालं. "हे वेगळं आहे," दिनानाथ गंभीरपणे म्हणाले. "म्हणजे एकतर हे एकटंच अस्सल, किंवा हे एकटंच नकली." आणि त्याच बैठकीत गॅसकेट गुणवत्ता पडताळणी उपसमिती स्थापन झाली. विषय इंजिनाच्या अंतरंगाशी संबंधित असल्याने तीत इंजिन पाहिलेल्या माणसाला घेऊ नये, त्याचे हितसंबंध असू शकतात, असं ठरलं. संकेत बाहेर गेला. माझ्यासमोर हे दिनानाथ, ज्यांनी स्वतःच्या गुडघ्याची वाटी बदलताना डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला होता की यात स्वस्तातलं काय आहे, मंडळाच्या गाडीसाठी जगातलं सर्वोत्तम मागत होते. परोपकार म्हणतात तो हाच.

स्टॅनी घरी गेला तेव्हा क्लेमेंटीन, त्याची बायको, सासऱ्यांचे पाय चेपत बसली होती. फादर मरणाआधीचं पवित्र तेल लावून, प्रार्थना म्हणून गेले होते. बाबांनी डोळे उघडले. "झाली गाडी?"

"गॅसकेटची पडताळणी चालू आहे, बाबा."

"बरं," बाबा म्हणाले आणि थांबले.

हे थांबणं सुरुवातीला कोणी मनावर घेतलं नाही.

उपसमितीने गॅसकेट प्रयोगशाळेत पाठवायचं ठरवलं. प्रयोगशाळेला आधी ती प्रयोगशाळा असल्याचा दाखला मागितला. तो आला. मग तो दाखला देणाऱ्या संस्थेचा दाखला मागितला, तोही आला. सर्व दाखल्यांवर एकाच फॉन्टमध्ये 'मूळ प्रत' असं छापलेलं होतं, त्यामुळे विश्वास बसला. गॅसकेट गेलं. अहवाल आला तो असा: 'पत्र्याची जाडी, थर व उष्णतारोधकता तपासण्यासाठी नमुना मधोमध कापण्यात आला. नमुना अस्सल होता.'

'होता' या शब्दापाशी सगळे थबकले.

"म्हणजे अस्सल आहे की नाही?" स्टॅनीने विचारलं.

"होतं," दिनानाथ म्हणाले. "आता ते अस्सल तुकडे आहेत."

"मग दुसरं लावू. शाबूत आहे ते."

"ते तपासलेलं नाही."

"मग तपासू."

"मग ते शाबूत राहणार नाही."

स्टॅनीने अहवाल उलटसुलट करून पाहिला. पण यात तर्काची चूक काढता येईना. जे अस्सल ठरतं ते कापलं जातं, जे कापलेलं नाही ते ठरलेलं नाही. तरीही प्रयत्न सोडणं मंडळाच्या स्वभावात नव्हतं. दुसरं कापलं, अस्सल निघालं. काळसर कापलं, तेही अस्सल निघालं. त्यानंतर नमुने येत राहिले आणि अस्सल ठरून बाद होत राहिले. त्यांचे अर्धे तुकडे गावातल्या बायकांनी गरम भांड्यांखाली ठेवायला नेले. सांडोरात कोणाच्याही घरी जा, भाताचं पातेलं प्रमाणित अस्सल गॅसकेटवर ठेवलेलं दिसेल. गाडीत तेवढं नव्हतं.

"त्या दिनानाथकाकांना विचारा," क्लेमेंटीन दारात उभी राहून स्टॅनीला म्हणाली, "तुमचं पत्र्याचं मिळेपर्यंत ह्यांना काय फ्रिजात ठेवू?"

"अगो, मी अजून आहे," आतून आवाज आला.

"तेच बोलते ना बाबा! तुम्ही असून नसल्यासारखे, नि ते पत्र्याचं नसून असल्यासारखं. रात्रंदिवस उशाशी मी बसते. मीटिंगीत चहा पिणारा एक तरी माणूस पाय चेपायला आला काय?"

या मुद्द्यावर मंडळाने तिचे आभार मानले.

मधल्या काळात एक विचित्र गोष्ट घडली. गावात कोणी मरेना. जेम्सबाबा गाडीसाठी थांबलेत ही बातमी खाटाखाटांवर पोचली आणि बाकीच्या म्हाताऱ्या मंडळींनीही विचार केला, की एवढा मोठा माणूस थांबतो तर आपण कशाला घाई करून खांद्यावर जायचं? ज्यांना डॉक्टरांनी आशा नाही म्हणून सांगितलं होतं, ते अंगणात येऊन बसू लागले. शवपेट्या करणाऱ्या सुताराने पेट्यांना फळ्या टाकून पुस्तकांची कपाटं म्हणून विकायला सुरुवात केली. झेंडूवाला सांडोरच्या रस्त्याने जाईना. फादर तेल लावून लावून दमले. प्रवचनात त्यांनी अनंत जीवनाविषयी बोलायचं बंद केलं, कारण श्रोते ते शब्दशः घेत होते.

शेवटी नोंदणी कार्यालयातून एक अधिकारी आले. सफारी, गळ्यात ओळखपत्र, सोबत शिपाई. ते थेट मंडळाच्या खोलीत येऊन बसले.

"तुमच्या गावासमोर मृत्यूच्या रकान्यात सतत निरंक येतंय," ते म्हणाले. "तालुक्याची सरासरी बिघडली. वरून विचारणा आहे. सदर गावात मृत्यू न होण्यास कोणाची परवानगी घेतली?"

फर्डिनंड उभे राहिले. "साहेब, गाडीचं गॅसकेट..."

सगळी हकीकत ऐकून अधिकाऱ्यांचे डोळे पाणावले. इतकी काटेकोर पद्धत त्यांनी त्यांच्या कार्यालयातही पाहिली नव्हती. "हरकत नाही," ते म्हणाले, "पण बेकायदा जगणं चालणार नाही. नियमित करून घेऊ." आणि त्यांनी तिथेच आदेश लिहून दिला, की श्री. जेम्स तुस्कानो व इतर यांच्या जगण्यास, उपसमितीचा अंतिम निर्णय होईपर्यंत, तात्पुरती मुदतवाढ देण्यात येत आहे. प्रत माहितीसाठी रवाना: चर्च.

स्टॅनीने तो आदेश बाबांना वाचून दाखवला. "उपसमितीचा अंतिम निर्णय होईपर्यंत" या ठिकाणी बाबांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"परत वाच."

स्टॅनीने परत वाचलं.

"अरे, ही माणसं मला अमर करणार," बाबा म्हणाले, आणि महिनोन्‌महिने जमिनीला पाय न लावलेला तो माणूस उठून बसला. क्लेमेंटीनने काठी दिली. बाबा धोतर सावरत, केळीच्या बागांमधल्या वाटेने, थांबत-थांबत होळी बाजारात पोचले. वाटेत ज्यांनी पाहिलं त्यांनी क्रूसाची खूण केली. काहींनी फोटोही काढले.

गॅरेजात एका कोपऱ्यात न कापलेली गॅसकेटं रचून ठेवली होती. उपसमितीने प्रत्येकावर नंबर घातले होते.

"लाव," बाबा म्हणाले.

"कुठलं लावू, बाबा?" संकेत घाबरला. "दिनानाथकाका ओरडतील. ही पेंडिंग आहेत. ती उजवीकडची संशयित. खालची निरीक्षणाखाली."

"तुझ्या हाताला येईल ते."

"आणि नंबर?"

"पुसून टाक. आदेशात माझ्यावर पण नंबर घातलाय त्यांनी, तो मी पुसतो की नाय बघ."

संकेतने डोळे मिटून एक ओढलं, नंबर फडक्याने पुसला आणि लावलं. बाबा स्टुलावर बसून बघत होते. बोल्ट आवळले, पाणी भरलं, ऑइल भरलं, चावी फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. वाफ नाही, धूर नाही. दारात उभ्या ड्रायव्हरलाही आवाज ऐकू आला, म्हणजे आवाज चांगलाच होता.

"बसा बाबा, घरी सोडतो," संकेत म्हणाला.

"आत्ता नाही," बाबा म्हणाले. "मी त्यात एकदाच बसणार."

ते चालतच परतले. अंगणात बसून त्यांनी एक सुकेळं खाल्लं, क्लेमेंटीनच्या डोक्यावर हात ठेवला, "तुला फार त्रास दिला गो" म्हणाले आणि दुपारच्या जरा आधी, सर्व कार्यालयीन मुदतवाढी बाजूला सारून, निघून गेले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. स्टॅनीने स्वतः पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पेटी अंगणात आली, गाडी फाटकात आली आणि गाडीच्या पुढे उपसमिती आली.

"ही गाडी वापरता येणार नाही," दिनानाथ म्हणाले. "हिच्यात अज्ञात गॅसकेट आहे."

"गाडी चालते ना?" क्लेमेंटीनने विचारलं. तिच्या आवाजात रडणं होतं आणि आणखीही काही होतं.

"चालते. पण कशावर चालते ते नोंदीत नाही."

"तुमची समिती तरी कशावर चालते, काका? ते कुठल्या नोंदीत आहे?"

"ताई, भावना समजतो. पण वाटेत बंद पडली तर? बाबांच्या शेवटच्या प्रवासात? मी हे बाबांसाठीच बोलतोय." दिनानाथांचा कंठ दाटून आला, आणि तो दाटलेला कंठ अस्सल होता. हे मी मान्य करतो.

"अहो, बाबांची एकच इच्छा होती," स्टॅनी म्हणाला. त्याचा हात गाडीच्या दारावर होता.

"तुम्ही सचिव आहात, स्टॅनी," फर्डिनंड हळूच म्हणाले. "उद्या लोक म्हणतील, स्वतःच्या बापासाठी नियम वाकवला."

लोक काय म्हणतील हे ऐकल्यावर माणूस काय करतो ते सांगायला नको. स्टॅनीचा हात दारावरून सुटला.

मग सर्वांना मान्य होईल असा तोडगा निघाला. जेम्सबाबांना खांद्यावरून न्यायचं आणि गाडी त्यांच्यापुढे रिकामी चालवायची. म्हणजे बाबांच्या इच्छेचा मान राहील आणि गाडीची चाचणीही होईल. गाडीत ड्रायव्हरशेजारी दिनानाथ बसले, खिडकीतून कान बाहेर काढून. त्यामागे क्रूस, मग फादर, आणि मग आमच्या खांद्यावर जेम्सबाबा. गाडी इतकी सुरेख चालली, की चर्चपर्यंत तिने एकदाही कुरकुर केली नाही. कुरकुर मागे होती. बाबा नव्वदीपलीकडचे आणि वाळलेले, पण पेटी सागवानाची होती, त्यांनीच निवडलेली.

चर्च मागे पडलं. पुढच्या उजव्या खांद्याला मी होतो, त्यामुळे जे सांगतो ते ऐकीव नाही. आधी गॅसकेटवर चर्चा झाली. आवाजावरून काळसर वाटतं, असं एकाचं मत पडलं. दुसरा म्हणाला, काळसर असतं तर एव्हाना तापली असती. मग वळण आलं, खांदा बदलला आणि एकाने सहज विषय काढला की जेम्सच्या बागेचा कडेचा बांध पूर्वी सरळ होता. दुसऱ्याने दुजोरा दिला. तिसऱ्याला एक विहीर आठवली. स्टॅनी मागच्या खांद्याला होता. दफनभूमी येईपर्यंत बाबांची सगळी तपासणी मधोमध कापून पूर्ण झाली होती, आणि अहवाल चांगला नव्हता.

स्टॅनीने त्याच संध्याकाळी राजीनामा दिला. क्लेमेंटीन आमच्यापैकी कोणाशी बोलत नाही. गावात मरण पुन्हा सुरळीत सुरू झालं असून कार्यालयाने समाधान व्यक्त केलं आहे. गाडी अजून मंडळाच्या खोलीबाहेर झाकून ठेवलेली आहे, निर्णयाच्या प्रतीक्षेत.

आणि तुम्ही. इथवर वाचलंत, एक म्हातारा त्याला नको होतं तसा नेला गेला ते पाहिलंत, आणि तरी मघापासून तुमच्या जिभेवर एकच प्रश्न वळवळतोय, की संकेतने डोळे मिटून ओढलं ते गॅसकेट शेवटी अस्सल होतं की नकली?

लाजू नका. सचिवाची जागा रिकामी आहे. पुढच्या बैठकीला या, चहा असतो.